वनौषधींचा इतिहास : मुळी कुणाची, मोजली कुणी?

विहाराच्या वर्धापनदिनाची स्मरणिका काढायची ठरली तेव्हा मंडळाच्या पोरांनी मला सांगितले, "काका, तुम्ही गिरणीच्या आठवणी लिहा." गिरणीच्या आठवणी पुष्कळ आहेत आणि त्या लिहिणारेही पुष्कळ आहेत. मी यंदा झाडपाल्याच्या औषधांचा विषय घेतला आहे. हा विषय वैद्य-डॉक्टरांचा, त्यात साचेवाल्याने कशाला तोंड घालावे, असे कुणी विचारील. त्याचे कारण माझ्या घरातच आहे. ते आधी सांगतो आणि मग इतिहासाकडे वळतो.

आमचे गाव कोकणात. माझी आजी, म्हणजे वडिलांची आई, औषध द्यायची. आवेवर कुड्याची साल, खोकल्यावर अडुळसा, तापावर गुळवेलीचा काढा, जखमेवर हळद. वडील सांगायचे, तिन्हीसांज झाली की वरच्या आळीतली माणसं आमच्या वाडीच्या बांधावर येऊन उभी राहायची. "पोराला आव झालीय, कायतरी दे." आजी मुळी उगाळायची, पानावर घालायची आणि ते पान लांबून खाली ठेवायची. ती माणसं मग पुढे होऊन उचलायची. आजीच्या हातचे औषध त्यांच्या पोटात चालायचे, पण आजीच्या हातचे पाणी चालत नव्हते. पोरगं बरं झालं की देवाची कृपा झाली म्हणायचे. आजीचे नाव कुणी घेतले नाही.

वडील मुंबईला आले आणि गिरणीत साच्यावर लागले. पुढे १९८८ साली मीही बदली म्हणून त्याच खात्यात लागलो. वडिलांना रक्तदाब होता. सरकारी दवाखान्यातून रोजची गोळी चालू होती आणि दाब बऱ्यापैकी आवाक्यात होता. १९८९ साली स्टेशनबाहेर जडीबुटीवाल्याचा तंबू लागला. त्याने वडिलांना सांगितले, "इंग्रजी गोळ्या सोडा, त्यानं शरीर पोखरतं. ही सर्पगंधा, जंगलातली मुळी. दाब मुळापासून जाईल." चाळीस रुपयांच्या पुड्या घेऊन वडील घरी आले. मी म्हटले, "बाबा, डॉक्टरला विचारलंत का?" ते म्हणाले, "अरे, आपल्या आयेची विद्या हाय ही. डॉक्टरला काय इचारायचं?"

गोळी बंद झाली, पुडी सुरू झाली. तीन महिन्यांनी तिसऱ्या पाळीला साच्यापुढेच वडील कोसळले. उजवी बाजू गेली, वाचा गेली. पुढे सहा वर्षे जगले, पण धोटा पुन्हा हातात धरला नाही.

मी तेव्हा झाडपाल्याच्या नावानेच चिडायचो. सगळे थोतांड आहे असे म्हणायचो. पुढे गिरणी बंद पडली, मी वॉचमनची नोकरी धरली आणि रात्रपाळीत वाचनाची सवय लागली. वाचनालयातून आणलेल्या एका पुस्तकात सर्पगंधेवर प्रकरण निघाले. त्यात लिहिले होते की या मुळीतून 'रेसर्पिन' नावाचे द्रव्य काढले आणि ते रक्तदाबावरचे औषध म्हणून जगभर चालले. नाव ओळखीचे वाटले. सकाळी घरी येऊन वडिलांची पत्र्याची पेटी काढली. त्यात त्यांनी सोडून दिलेल्या गोळ्यांची अर्धी पट्टी तशीच होती. भिंग लावून बारीक अक्षरे वाचली. रेसर्पिन!

म्हणजे काय झाले बघा. ज्या मुळीसाठी वडिलांनी गोळी सोडली, त्या मुळीचेच सत्त्व गोळीत होते. फरक एवढाच की गोळीतले मोजलेले होते, मिलिग्रॅमचा दहावा भाग. पुडीत काय होते, सर्पगंधा होती की भलतेच कसले मूळ, असली तर किती, हे तंबूवाल्यालाही ठाऊक नव्हते. त्या दिवसापासून मी हा इतिहास जमेल तसा वाचत आलो आहे. तो माझ्या भाषेत सांगतो.

सुरुवात आपल्या ओळखीच्या माणसापासून करू. बुद्धाचा वैद्य जीवक. विनयपिटकातील महावग्गात त्याची कथा आहे. राजगृहाच्या सालवती गणिकेचा हा मुलगा, जन्मताच उकिरड्यावर टाकलेला. पुढे तक्षशिलेला जाऊन सात वर्षे वैद्यक शिकला. शेवटी आचार्यांनी त्याच्या हातात कुदळ दिली आणि सांगितले, तक्षशिलेभोवती योजनभर फीर आणि जी वनस्पती औषधी नाही ती घेऊन ये. जीवक फिरून रिकाम्या हाताने परत आला. औषधी नाही अशी एकही वनस्पती त्याला दिसली नाही. पुष्कळ लोक या कथेचा अर्थ 'सगळा झाडपाला औषधच' असा सांगतात. मला त्यातली कुदळ महत्त्वाची वाटते. तो घरी बसून बोलला नाही, एकेक झाड उकरून पाहून आला. त्याच महावग्गात भिक्षूंना चालणाऱ्या औषधांची यादी आहे. तिच्यात हळद, आले, वेखंड, कडुनिंब, हिरडा, बेहडा, आवळा आहेत आणि कुडाही आहे. माझ्या आजीचा कुडा! तिला पाली येत नव्हती, अक्षरओळखही नव्हती. तरी ही विद्या तिच्यापर्यंत आली, कारण ती हातातून हातात चालत आली.

ही विद्या कागदावर कशी चढली आणि कुणाच्या नावाने चढली, हा पुढचा प्रश्न. त्याचे एक चांगले उदाहरण केरळात आहे. सतराव्या शतकात कोचीला डच कंपनीचा अंमल होता. तिथला गव्हर्नर व्हॅन ऱ्हीड याने मलबारातल्या वनस्पतींचा मोठा ग्रंथ करून घेतला. 'हॉर्टस मलबारिकस' त्याचे नाव. १६७८ ते १६९३ या काळात तो ॲमस्टरडॅमला बारा खंडांत छापला गेला. सातशेच्या वर वनस्पती आणि त्यांची चित्रे त्यात आहेत. माहिती सांगणारा मुख्य वैद्य होता इट्टी अच्युतन, जातीने ईळव. रंगभट, विनायक पंडित आणि अप्पूभट या तिघा कोकणी ब्राह्मणांनीही मदत केली. पहिल्या खंडात या सर्वांची निवेदने त्यांच्या त्यांच्या लिपीत छापली आहेत. कोकणी पंडितांचे निवेदन नागरी अक्षरांत आहे.

ईळव म्हणजे ज्यांची सावलीसुद्धा तिथल्या सवर्णांना चालत नसे असा समाज. वायकोमच्या देवळाभोवतालच्या रस्त्यावरून ईळवांना आणि इतर अस्पृश्यांना चालता यावे म्हणून १९२४ साली सत्याग्रह करावा लागला. आणि त्याच समाजातल्या एका वैद्याचे नाव अडीचशे वर्षे आधी युरोपातल्या ग्रंथात छापून आले होते. डचांना काही समतेचा पुळका नव्हता, त्यांना व्यापार करायचा होता आणि आपल्या माणसांसाठी औषधे हवी होती. पण माहिती कुणाकडून घेतली हे त्यांनी लिहून ठेवले. तेवढ्या एका सचोटीमुळे इट्टी अच्युतन आज आपल्याला माहीत आहे.

आता सर्पगंधेकडे येतो. बिहारच्या बाजारात हे मूळ पिढ्यान्‌पिढ्या विकले जाई आणि लोक त्याला 'पागल की दवा' म्हणत. वेड लागलेल्या, झोप उडालेल्या माणसाला ते देत. सर्पदंशावरही देत. हे पहिल्यांदा कुणी ओळखले त्याचे नाव कुठेच नाही. नावे सुरू होतात १९३१ पासून. त्या साली कलकत्त्याचे गणनाथ सेन आणि कार्तिकचंद्र बोस यांनी लिहिले की हे मूळ वेडावर आणि रक्तदाबावर गुणकारी आहे. त्याच साली दिल्लीला सलीमुज्जमान सिद्दिकी यांनी मुळीतून शुद्ध द्रव्ये वेगळी केली. हकीम अजमल खान यांनी त्यांना या कामाला लावले होते, म्हणून सिद्दिकींनी एका द्रव्याला 'अजमलीन' नाव दिले. कलकत्त्याच्या ट्रॉपिकल मेडिसिन संस्थेत कर्नल रामनाथ चोप्रा देशी औषधांची एकामागून एक पद्धतशीर तपासणी करत होते. सर्पगंधा त्यांनीही तपासली.

यानंतरचा मुक्काम आपल्या परळला आहे. केईएम हॉस्पिटल १९२६ साली सुरू झाले. त्याला जोडलेल्या गोरधनदास सुंदरदास मेडिकल कॉलेजसाठी ज्यांनी देणगी दिली त्यांची अट होती की शिकवणारे डॉक्टर हिंदी माणसेच असावीत. त्या केईएममध्ये डॉ. रुस्तम जाल वकील नावाचे हृदयरोगाचे डॉक्टर होते. त्यांनी रक्तदाबाच्या रुग्णांना सर्पगंधा दिली, दाब आधी मोजला, देत असताना मोजला, नंतर मोजला आणि हे काम वर्षानुवर्षे केले. १९४९ साली ५० रुग्णांचा वृत्तांत त्यांनी 'ब्रिटिश हार्ट जर्नल'मध्ये छापला. तोपर्यंत युरोप-अमेरिकेतल्या डॉक्टरांचे या मुळीकडे लक्ष नव्हते. या लेखानंतर ते वळले. १९५२ साली स्वित्झर्लंडमध्ये बाझल इथल्या सिबा कंपनीच्या शास्त्रज्ञांनी मुळीतले मुख्य द्रव्य वेगळे केले. तेच रेसर्पिन. १९५४ साली न्यूयॉर्कच्या डॉ. नेथन क्लाइन यांनी ते मनोरुग्णांना देऊन पाहिले. १९५७ साली डॉ. वकिलांना अमेरिकेचे लास्कर पारितोषिक मिळाले.

हे औषध काम कसे करते तेही सांगतो, कारण त्यातच गुण आणि दोष दोन्ही आहेत. मज्जातंतूंच्या टोकांशी काही रसायनांचे साठे असतात. रक्तवाहिन्यांनी आवळून घ्यावे हा हुकूम त्या रसायनांतून जातो. रेसर्पिन ते साठे रिकामे करते. हुकूम पोचत नाही, रक्तवाहिन्या सैल होतात आणि दाब उतरतो. मेंदूतही हेच होते, म्हणून खवळलेला माणूस शांत होतो. पण मात्रा वाढली तर माणूस नुसता शांत राहत नाही, उदास होतो, खचून जातो. पुढे कमी दोषांची औषधे निघाली आणि आता रक्तदाबावर डॉक्टर पहिल्याने रेसर्पिन देत नाहीत. 'नैसर्गिक आहे म्हणून अपाय नाही' असे सांगणाऱ्याला हे उत्तर पुरेसे आहे. जे गुण करते ते अवगुणही करू शकते. ज्याने काहीच होत नाही तेच निरुपद्रवी.

या मुळीचा एक उपकार मात्र राहिला. स्वीडनच्या आर्विड कार्लसन यांनी सशांना रेसर्पिन दिले तेव्हा ससे निपचित पडले. मग एल-डोपा दिले, तर ससे उठून हलू-फिरू लागले. यावरून मेंदूतल्या डोपामीनचे काम कळले आणि कंपवाताच्या, म्हणजे पार्किन्सनच्या, उपचाराची वाट सापडली. कार्लसन यांना २००० साली नोबेल मिळाले. बिहारच्या बाजारातले मूळ स्टॉकहोमपर्यंत असे पोचले.

आणि ज्यावरून तिला सर्पगंधा म्हणतात त्या सर्पदंशाचे काय? तिथे ही मुळी भरवशाची नाही. विषारी साप चावला तर विषावरची लसच टोचली पाहिजे. ती घोड्यांच्या रक्तापासून करतात आणि परळच्याच हाफकिनचे त्या कामात मोठे नाव आहे. म्हणजे लोकांनी सांगितलेल्या दोन गोष्टींपैकी एक खरी निघाली आणि दुसरी टिकली नाही. तपासल्याशिवाय कुठली खरी ते कळले नसते. आम्हा साचेवाल्यांना यात नवीन काही नाही. साच्यावरून उतरलेले कापड फोल्डिंग खात्यात तपासल्याशिवाय बाहेर जात नसे. डॅमेज निघाले म्हणून कुणी सगळे ताके फेकत नव्हते आणि आपल्या हातचे म्हणून कुणी डॅमेज खपवतही नव्हते.

गुळवेलीचेही तसेच. केईएममध्येच औषधशास्त्राच्या डॉ. शरदिनी डहाणूकर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी आयुर्वेदातल्या वनस्पतींवर काम केले. पित्ताचा मार्ग अडून कावीळ झालेल्या ३० रुग्णांचे दोन गट करून त्यांनी एका गटाला शस्त्रक्रियेआधी गुळवेल दिली. त्या गटात जंतुसंसर्ग आणि मृत्यू कमी झाले, असा निष्कर्ष १९९३ साली छापून आला. पुढे करोनाच्या साथीत घरोघरी लोक गुळवेल पिऊ लागले. आमच्या चाळीत तर पाण्यासारखी पीत होते. २०२१ साली मुंबईच्याच डॉक्टरांनी गुळवेल घेतलेल्या ६ रुग्णांच्या यकृताला इजा झाल्याचे नोंदवले. आयुष मंत्रालयाने आक्षेप घेतला, वाद झाला. पण २०२२ साली देशातल्या अनेक शहरांतल्या डॉक्टरांनी मिळून तशाच ४३ रुग्णांची नोंद मांडली. शहर तेच, वेल तीच. अमुक रुग्णाला, अमुक मात्रेत, डॉक्टरच्या नजरेखाली दिली तर एक फळ, आणि कुणीही कितीही प्याली तर दुसरे. दोन्ही गोष्टी मोजल्या म्हणून कळल्या.

आता मालकीचा प्रश्न. १९९५ साली अमेरिकेतल्या मिसिसिपी विद्यापीठाच्या वैद्यकीय केंद्राला हळदीने जखम भरण्याच्या वापरावर पेटंट मिळाले. हळदीने जखम भरते हा म्हणे नवा शोध! आपल्या सीएसआयआर संस्थेने, डॉ. रघुनाथ माशेलकर प्रमुख असताना, १९९६ साली त्याला हरकत घेतली. पण 'आमच्या आज्या हळद लावायच्या' ही साक्ष तिथे चालत नव्हती. छापील पुरावा हवा होता. ३२ दाखले गोळा करून दिले तेव्हा १९९७ साली पेटंट रद्द झाले. गिरणी कामगारांना हे समजावून सांगायला नको. घराच्या सोडतीसाठी गिरणीत काम केल्याचा कागद मागतात, आणि ज्याच्याकडे हजेरीचे कार्ड उरले नाही त्याची तीस वर्षे हवेत जातात. या प्रकरणानंतर सरकारने २००१ पासून जुन्या ग्रंथांतल्या औषधांचा मोठा संगणकीय कोश करायला घेतला. चांगले झाले. पण त्यात संस्कृत, अरबी, फारसी, तमिळ ग्रंथांतले येते. माझ्या आजीने ग्रंथ लिहिला नव्हता.

ज्यांचा ग्रंथ नाही त्यांचे काय, याचे एक उत्तर पुन्हा केरळातच मिळते. १९८७ साली डॉ. पुष्पांगदन आणि त्यांचे सहकारी अगस्त्य डोंगरात वनस्पती शोधत फिरत होते. वाटाडे होते काणी आदिवासी. शास्त्रज्ञ दमून बसत आणि काणी तरुण मात्र कसलीशी बारीक फळे चघळत ताजेतवाने चालत. बरेच विनवल्यावर त्यांनी ते झुडूप दाखवले. 'आरोग्यपच्चा' त्याचे नाव. तिरुवनंतपुरमजवळच्या सरकारी वनस्पती उद्यान संस्थेत त्याच्यावर संशोधन होऊन 'जीवनी' नावाचे शक्तिवर्धक तयार झाले. १९९५ साली ते कोइमतूरच्या आर्य वैद्य फार्मसीला १० लाख रुपये आणि विक्रीवर २ टक्के अशा कराराने दिले. संस्थेने ठरवले की यातला अर्धा वाटा काणींचा. त्यासाठी १९९७ साली काणींचा ट्रस्ट नोंदवला गेला.

हे सगळे गोड झाले असे मी म्हणणार नाही. सगळ्या काणी पाड्यांना विचारले नव्हते, काहींना आपली विद्या विकणेच मान्य नव्हते, आणि जंगलातून पाला गोळा करायला वनखात्याने हरकत घेतली. पण रानातल्या माणसाचे ज्ञान हे ज्ञान आहे, त्याचे मोल त्याला मिळाले पाहिजे, हे या देशात कागदावर आले. २००२ च्या जैवविविधता कायद्यात वाटा देण्याचे तत्त्व आले आणि गावोगाव लोकजैवविविधता नोंदवही ठेवण्याची तरतूद झाली.

तात्पर्य काय? कालाम सुत्त आपण विहारात ऐकतो. परंपरेने चालत आले म्हणून मानू नका, स्वतः पारखून घ्या, हा त्याचा आशय. मी वडिलांच्या बाबतीत त्याची एकच बाजू शिकलो होतो, की आंधळा विश्वास घात करतो. दुसरी बाजू उशिरा कळली. न पारखता टाकून देणे हाही आंधळेपणाच आहे. मी आजीच्या विद्येला थोतांड म्हणत होतो तेव्हा मीही पारखले नव्हते. वरच्या आळीने तिचे नाव घेतले नाही, आणि शिकून-सवरून मीही घेतले नाही.

म्हणून दोन गोष्टी सुचवतो. पहिली, डॉक्टरची गोळी कुणाच्याही सांगण्यावरून बंद करू नका, आणि झाडपाला घेत असाल तर डॉक्टरपासून लपवू नका. पुडी घेऊन जा, दाखवा. दुसरी, गावाला जाल तेव्हा म्हाताऱ्या माणसांजवळ बसा. कुठले झाड, कुठला भाग, कशावर, किती, हे लिहून घ्या आणि सांगणाऱ्याचे नाव लिहा. गावच्या नोंदवहीत ते चढवायला लावा. आपल्या विहारातही एक वही ठेवू. ते औषध म्हणून कुणी घ्यायचे नाही, तपासणाऱ्यांनी तपासायचे आहे. पण तपासून खरे ठरले तर ते कुणाचे होते याचा कागद आपल्याजवळ असला पाहिजे.

पहिली नोंद मीच करतो. कुड्याची साल, आवेवर. सांगणार : भागीरथी, माझी आजी.

जय भीम!